लेकुरवाळीची सहल

(तालुक्यातील महिला मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हाला विषय दिला आहे, 'लहान लेकरासह एका दिवसाची सहल'. विषयाचे नाव पुकारले तेव्हा मागच्या रांगेत काही जणी हसल्या, ते आम्ही पाहिले. शिक्षण, आरोग्य, कायदा यांसारख्या विषयांच्या पंगतीत हा विषय बसतो कुठे, असे त्यांना वाटले असेल. त्यांचे चुकले नाही. परंतु या लहानशा विषयाच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. तो प्रश्न असा, की आपल्या मंडळाची गाडी सहलीला निघते तेव्हा त्या गाडीत कोण बसते आणि घरी कोण राहते?

गाडीत पुरुष बसतात, शाळेत जाणारी मुले बसतात, हातपाय धड असलेल्या आज्या बसतात. घरी राहते ती कडेवर लेकरू असलेली सून. ती निघते म्हणाली, तर तिला काय ऐकावे लागते, हे येथे बसलेल्या प्रत्येकीला पाठ आहे. "लेकरू मोठं होऊ दे वं, मग जाशीन." आणि दुसरे वाक्य असते, "एवढ्याशा लेकराले काय समजते? थे काय याद ठेवणार हाय?"

भगिनींनो, या 'मोठं होऊ दे' चा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? विसाव्या-बाविसाव्या वर्षी लग्न होते. वर्ष-दोन वर्षांत पहिले लेकरू येते. ते बोलू-चालू लागते न लागते तोच दुसऱ्याची चाहूल लागते. दुसरे चालायला लागते तेव्हा पहिल्याची शाळा सुरू होते. असे करता करता आठ-दहा वर्षे निघून जातात. आमच्याबरोबर आलेली एक सून लग्नाला आठ वर्षे झालेली होती. घरातील पुरुषमंडळी दर वर्षी दीक्षाभूमीला जात. ती दर वर्षी पहाटे उठून त्यांच्या शिदोरीच्या भाकरी थापत असे. आठ वर्षे शिदोरी दीक्षाभूमीला गेली, शिदोरी बांधणारी गेली नाही. चूल आणि मूल हे शब्द आपण भाषणात फार वापरतो. त्यांचा अर्थ हा आहे.

म्हणून आम्ही आठ-दहा जणींनी, त्यांत काही आया आणि काही आज्या, गेले काही हिवाळे एक गोष्ट करून पाहिली. सहल ठरवताना सर्वांत लहान लेकरू काय झेपू शकेल, ते आधी ठरवायचे आणि बाकीच्यांनी त्याप्रमाणे चालायचे. त्या अनुभवावर आम्ही आज बोलत आहोत.

आता जावे कोठे? आम्ही जागा निवडल्या त्या जपानच्या. हसू नका. आपल्या तालुक्याचे नाव केळापूर, तालुक्याचे ठिकाण पांढरकवडा, आणि दारावरून नागपूर-हैदराबाद हमरस्ता जातो. त्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की एका दिवसात जाऊन परत येण्याच्या टप्प्यात जपानी माणसांच्या श्रद्धेने आणि श्रमाने उभ्या राहिलेल्या वास्तू आहेत. आपण मात्र 'जपान कुठे आणि आपण कुठे' म्हणत बसतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली ही गत आहे.

हे जपान येथे आले कसे, ते थोडक्यात सांगतो. निचिदात्सु फुजी नावाचे एक जपानी भिक्खू होते. जन्म १८८५ चा. भारतातून आलेला धम्म भारताला परत करावा, या भावनेने ते १९३१ मध्ये भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना गुरुजी म्हणत, म्हणून पुढे जग त्यांना फुजी गुरुजी म्हणू लागले. सेवाग्राम आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत जपानी बौद्धांच्या मंत्राला जागा मिळाली, ती या भेटीतून. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी ही शहरे अणुबाँबने बेचिराख झाल्यानंतर फुजी गुरुजींनी जगभर शांतिस्तूप उभारण्याचे काम हाती घेतले. जपानातील कुमामोतो येथील स्तूप १९५४ चा, बिहारात राजगीर येथील १९६९ चा. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप हा त्याच माळेतील मणी. गुरुजी १९८५ मध्ये, शंभरीला टेकून गेले.

दुसरे नाव भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई यांचे. जन्म १९३५ चा, जपानातील ओकायामा प्रांतातला. १९६० च्या दशकात ते भारतात आले, नागपूरच्या इंदोऱ्यात राहिले आणि नागपूरचेच झाले. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्वही घेतले. तिसरे नाव नोरिको ओगावा या जपानी बाईंचे. त्यांच्या दानातून कामठी येथे ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार १९९९ मध्ये उभे राहिले. एक बाई समुद्रापलीकडून येऊन आपल्या कामठीत विहार उभारते आणि आपली सून पांढरकवड्याहून कामठीला जाऊ शकत नाही, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

खुद्द जपानात लेकुरवाळ्या बायका काय करतात, तेही पाहू. तेथे एका दिवसाची सहल ही घरोघरची रीत आहे. तोकियोहून आगगाडीने तासाभरात कामाकुरा येते. तेथे १२५२ पासूनचा अमिताभ बुद्धाचा महाकाय कांस्य पुतळा उघड्या आकाशाखाली बसलेला आहे. क्योतोहून तासाभराच्या आत नारा येते. तेथील तोदाई-जी विहारातील बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा ७५२ मध्ये झाला. त्या विहाराच्या एका लाकडी खांबाला बुडाशी भोक आहे. ते बुद्धाच्या नाकपुडीएवढे असल्याचे सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या लहान मुले त्यातून सरपटत आरपार गेली आहेत. बाहेर बागेत हरणे मोकळी हिंडतात. म्हणजे मोठ्यांना दर्शन आणि लहानांना खेळ, दोन्ही एकाच जागी. सहा वर्षांखालची दोन मुले मोठ्या माणसाबरोबर साध्या गाडीतून बिनतिकीट जातात. स्थानकावर बाबागाडी चढवायला उद्‌वाहन असते, लेकराचे दुपटे बदलायला जागा असते. आणि नोव्हेंबरच्या १५ तारखेच्या सुमारास तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना नवे कपडे घालून देवस्थानी नेण्याचा सणच तेथे आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार भावली. जपानात क्षितिगर्भ बोधिसत्त्वाला जिझो म्हणतात. रस्त्याच्या कडेला, विहाराच्या आवारात त्यांच्या लहान लहान दगडी मूर्ती असतात. लोक त्या मूर्तींना लाल टोपडे आणि लाल लाळेरे बांधतात. हे जिझो लेकरांचे राखणदार मानतात आणि वाटसरूंचेही. ज्यांची लेकरे दगावली, त्या आयाही त्यांच्यापाशी जातात. लेकरू आणि प्रवास यांना एकच राखणदार द्यावा, असे त्या लोकांना वाटले, यावरून काय ते समजावे.

आता आपल्या सहलीकडे येऊ.

पहिली सहल वर्ध्याची. नवख्या आईने येथूनच सुरुवात करावी. पांढरकवडा, करंजी, वडकी, मग वर्धा नदी ओलांडून हिंगणघाट आणि तेथून वर्धा. रस्ता नागपूरपेक्षा कमी. वर्ध्याचा स्तूप पांढराशुभ्र आहे. चार दिशांना चार बुद्धमूर्ती आहेत. सभोवती फिरायला जागा आहे, शेजारी लहानसे जपानी विहार आणि बाग आहे. दीड-दोन वर्षांच्या लेकराला याहून दुसरे काय हवे? त्याला गोल गोल पळायचे असते. त्याच्यामागे आईही गोल फिरते. तिची प्रदक्षिणा होते आणि त्याचा खेळ होतो. फुजी गुरुजींच्या परंपरेतील भिक्खू हातातील पंख्यासारखे चपटे वाद्य दांडीने वाजवून मंत्र म्हणतात. त्या ठोक्याने काही लेकरे ताल धरतात, काही घाबरून आईच्या गळ्याला मिठी मारतात. म्हणून आधी लांबून ऐकवावे, मग जवळ न्यावे. स्तूपाला पायऱ्या आहेत. चढताना लेकरू पुढे आणि आपण मागे, उतरताना आपण पुढे आणि लेकरू मागे, हा नियम सोडू नये.

स्तूप पाहून झाल्यावर वेळ उरला तर सेवाग्राम आठ किलोमीटरवर आहे. १९३६ पासून गांधीजी तेथे राहिले. मातीच्या कुट्या, झाडांची सावली आणि शांतता आहे. दुपारची झोप लेकराला तेथे सावलीत छान लागते. मात्र लेकरू कुरकुरत असेल तर सेवाग्राम पुढच्या खेपेला ठेवावे. 'एवढे आलो आहोत तर तेही पाहून घेऊ' या एका वाक्याने जितक्या सहली रडवल्या, तितक्या पावसानेही रडवल्या नसतील.

दुसरी सहल नागपूर आणि कामठीची. नागपूर आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या घरात, आणि कामठी त्याच्याही पुढे. ही सहल लांबची. म्हणून लेकरू एक वर्षाच्या वरचे झाल्यावर करावी, पहाटे निघावे आणि दोनच जागा पाहाव्या. दीक्षाभूमी सकाळी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्या भूमीवरील स्तूपाचे उद्‌घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. उंची १२० फूट. ज्या सुनेबद्दल आम्ही मघाशी सांगितले, ती तेथे लेकराला कडेवर घेऊन बराच वेळ नुसती उभी होती. लेकरू तिच्या मंगळसूत्राशी खेळत होते. आम्ही तिच्याशी बोललो नाही. काही क्षण माणसाचे एकट्याचे असतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तेथे लाखो लोक येतात. त्या गर्दीत रांगते-चालते लेकरू खाली ठेवता येत नाही आणि दिवसभर कडेवरही पेलत नाही. सोहळा मोठा आहे, यात शंका नाही. परंतु लेकुरवाळीने डिसेंबर-जानेवारीतला एखादा साधा दिवस निवडावा. भूमी तीच असते, आणि त्या दिवशी ती आपल्याला डोळे भरून पाहता येते. सोहळ्याच्या दिवशी नेणे भागच असेल, तर लेकराच्या खिशात नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ते निघण्यापूर्वीच ठरवावे.

दुपारनंतर कामठी. ड्रॅगन पॅलेसमध्ये चंदनाची बुद्धमूर्ती आहे आणि भोवती हिरवळ आहे. आत शांतता पाळतात. लेकराचा आवाज तेथे चौपट घुमतो. यासाठी दोन-दोन जणींची जोडी करावी. एकीने आत बसावे, दुसरीने दोन्ही लेकरे बागेत सांभाळावी, मग पाळी बदलावी. आलेल्या प्रत्येकीला निदान दहा मिनिटे मोकळ्या हातांनी मूर्तीसमोर बसता आले पाहिजे. हा आमचा नियम आहे आणि तो आम्ही मोडू देत नाही.

रामटेकजवळच्या मनसरबद्दलही विचारणा होते. भदन्त ससाई यांच्या पुढाकाराने तेथे उत्खनन झाले. जागा पाहण्यासारखी आहे, परंतु ती नागपूरच्याही पलीकडे आहे आणि टेकडी चढावी लागते. ती लेकरू पाच वर्षांचे झाल्यावर पाहावी. वाट पाहण्यासारख्या जागाही असू द्याव्यात.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी.

जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा मोठ्यांनीच घराबाहेर पडू नये, तर लेकराची गोष्टच सोडा. दर्शनाच्या वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारावे. परतताना दिवेलागणीच्या आत घर गाठावे. हमरस्त्यावर रात्री मालमोटारींची वर्दळ असते आणि थकलेला ड्रायव्हर हा सर्वांत मोठा धोका असतो. लेकराला मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर कधीही बसू नये.

शिदोरीत लेकराचे वेगळे असावे. मुगाची मऊ खिचडी सकाळीच संपवावी, ती दुपारपर्यंत आंबते. नंतर केळे, उकडलेला बटाटा, मुरमुरे. शेंगदाणे आणि फुटाणे चालत्या गाडीत पाच वर्षांखालच्या लेकराला देऊच नयेत, श्वासनलिकेत अडकतात. अंगावर पिणाऱ्या लेकराला पाजायला लाजू नये. मोठ्या बसस्थानकांवर एस.टी.चा हिरकणी कक्ष असतो. सापडला नाही तर चौकशीच्या खिडकीवर विचारावे. लेकरासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचे नाव त्या खोलीला दिले आहे, संकोच कसला?

गाडी लागली किंवा जुलाब सुरू झाले तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. मीठ जास्त होऊ देऊ नये. लेकरू मलूल पडले, लघवी होईना, तर सहल तेथेच थांबवून दवाखाना गाठावा. स्तूप कोठे जात नाही.

खर्चाचे म्हणाल, तर एस.टी.त पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागत नाही, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले आहे. 'परवडत नाही' हे कारण पूर्वीइतके जड राहिलेले नाही.

आणि शेवटची व्यवहाराची गोष्ट पुरुषांसाठी. बापाने लेकराला खांद्यावर घ्यावे. सहलीत आम्ही काय पाहतो? पुरुष स्तूप पाहतात आणि बायका झाडाखाली पिशव्या व लेकरे राखतात. मग ती सहल कसली? ती तर घरचीच चाकरी, फक्त दूरच्या गावी. अर्धा तास आईने, अर्धा तास बापाने, एवढी साधी वाटणी पुरे आहे. जे बाप आमच्याबरोबर आले त्यांनी ती केली आणि त्यांचे काही बिघडले नाही. एकाने तर घरी आल्यावर सांगितले, की लेकराच्या अंगाचे वजन आपल्याला त्या दिवशी प्रथम कळले.

राहिला प्रश्न लेकराच्या आठवणीचा. 'त्याले काय याद राहणार हाय?' प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तरही खरे द्यावे. दीड-दोन वर्षांच्या वयातील गोष्टी माणसाला मोठेपणी आठवत नाहीत. आपल्यापैकी कुणालाही आठवत नाहीत. परंतु आठवणार नाही म्हणून आपण त्या वयात लेकराला अंगाई म्हणायचे थांबतो काय? आठवणार नाही म्हणून बारसे करायचे सोडतो काय? त्या दिवशी ते हसले, गवतावर पळाले, नवा आवाज ऐकून चमकले, हे त्या दिवशी खरे होते आणि तेवढे त्याला पुरे आहे. आठवण राहते ती आईला. सहल तिचीही असते, हे आपण विसरतो. आणि आईजवळ सांगण्यासारखे काही असले, तरच उद्या लेकराला कुणीतरी सांगेल, की तू एवढासा होतास तेव्हा तुला दीक्षाभूमी दाखवली होती.

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे आणि ती या मेळाव्याने मंजूर करावी अशी विनंती आहे. यापुढे मंडळाच्या सहलीची यादी लिहिताना पहिली नावे तीन वर्षांखालचे लेकरू असलेल्या बायांची लिहावीत. त्यांना जायचे की नाही, ते त्यांनाच विचारावे, घरातल्या दुसऱ्या कुणाला नव्हे. त्यांच्या सोयीने वेळ ठरावी, आणि मग उरलेल्या जागा बाकीच्यांना द्याव्यात. यंदाच्या हिवाळ्यात वर्ध्याची गाडी काढायची आहे. ज्यांच्या कडेवर लेकरू आहे त्यांनी भोजनाच्या सुट्टीत आमच्याकडे नावे द्यावीत. लेकरू रडेल, शी करेल, झोपेल. त्याची काळजी करू नये. आमच्या गाडीत ते सर्व चालते.

 नमो बुद्धाय. जयभीम.